उलटे आटे

वाऱ्याला आडवं पळायचं
असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.
मी बरोबर आडवा पळालो.
माझ्या पळण्यात एकही चूक नव्हती,
चौकशी समितीनेही तसंच लिहिलंय.

रबाळ्याला, तिसऱ्या पाळीत, पावणेतीनच्या सुमारास
अमोनियाची लाइन फुटली
आणि उतू गेलेल्या दुधासारखं
पांढरं पांढरं आवारभर सरकत आलं.
पत्र्यावरची वारा दाखवणारी कापडी बाही
चिंचपाड्याकडे तोंड करून फुगली होती.
तिकडे माणसं झोपलेली.
मला दिसलं होतं.
दिसल्यावर पळालो, हेही लिहायला हवं.

गेटवर हजेरी घेतली, एक कमी.
हसुराम मढवी.

तो परत आत का गेला,
याची उत्तरं आता तीन-चार झाली आहेत.
युनियनच्या फळ्यावर एक, पेपरात एक,
गोठिवलीत हळदीच्या मांडवात सांगतात ती तर अशी
की तिच्यात मढवी कुणाला तरी खांद्यावर घेऊन येतो.
कुणालाही आणलं नव्हतं.
मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला,
"डबा राह्यला होता रं. नवा. स्टीलचा."

आणि मग?
मग वाटेत व्हॉल्व्ह होता.

त्या व्हॉल्व्हचे आटे उलटे.
जगातले सगळे नळ उजवीकडे बंद होतात,
हा डावीकडे.
ठेकेदार बिल वसूल करून कधीच गेला.
मढवीने तीनदा अर्ज केला बदला म्हणून,
तिसरा माझ्याकडून लिहून घेतला,
माझं अक्षर बरं म्हणून.
"सदर व्हॉल्व्ह उलट दिशेने फिरत असून
आणीबाणीच्या वेळी घोटाळा होण्याची शक्यता आहे."
घोटाळा हा शब्द माझा.

म्हणजे त्या रात्री ती गोष्ट
दोघांना माहीत होती.

डोक्यावर ओला पंचा, डोळे गच्च मिटलेले,
साडेअकरा फेरे, डावीकडे.
मोजले कशाला, तर म्हणतो,
दुसरं काय करायचं होतं तिथं?
मला वाटायचं, एवढ्या फेऱ्यांत
कुठेतरी भीती संपत असेल.
सहाव्याला, फार तर आठव्याला.
तेही विचारलं.
"नाय रं. शेवटच्या अर्ध्याला जास्त होती.
तवा पायच हालंनात."

डबा काही मिळाला नाही.
शाल मिळाली, नारळ मिळाला,
कंपनीचं नाव घातलेलं भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
साहेब माइकवर शौर्य, शौर्य म्हणत होते
आणि मढवी मान खाली घालून
खुर्चीच्या हाताचा सैल झालेला स्क्रू
नखाने आवळत होता.
व्हॉल्व्ह बदलला पुढच्या मार्चमध्ये.

नाक तेवढं गेलं त्याचं.
सुकटीचा वास नाही, फोडणीचा नाही,
नातीच्या टाळूला लावलेल्या तेलाचा नाही.
हिराबाय सांगते, जवला करपून कोळसा झाला
तरी हा समोर बसलेला, शांत.
डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित.
सहा वर्षं झाली.

मी त्याच्याच चाळीत राहतो, भाड्याने.
भाडं वाढवलं नाही त्याने,
आणि मला ते कधी कधी आवडत नाही.

महिन्या-दीड महिन्याने रात्री हाक येते,
"ढाणे, जरा ये. सिलिंडर बदललाय.
बघ रं, वास येतं कं?"

मी चप्पल न घालताच जातो.
ओट्याखाली वाकतो, गुडघे टेकतो,
रेग्युलेटरला नाक लावून
छाती भरेपर्यंत श्वास घेतो.
तो दारात उभा,
नात कडेवर,
माझ्या तोंडाकडे बघत.

नाही, म्हणतो मी. काही नाही.

पण लगेच उठत नाही.
परत एकदा हुंगतो.